पेटीचा वरचा थर

"काकी, नमस्कार. देवगडजवळच्या एका वाडीत आमची शंभरेक हापूसची कलमं आहेत. चार वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून आम्ही दोघं गावी आलो आणि वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवण्याऐवजी ऑनलाइन विकायला लागलो. पहिल्या तीन हंगामांत ६० जणांनी रेटिंग दिलं, सरासरी ४.७. यंदा मे महिन्यात घात झाला. २० नवी रेटिंग आली, त्यातली १४ एक-स्टार. आता दुकानाच्या नावापुढे ४.१ दिसतं आणि कोकम आगळ, फणसपोळी यांच्या ऑर्डरीही बसल्या. भाचा म्हणतो, एक एजन्सी दीडशे रुपयाला एक या दराने ७० फाइव्ह-स्टार देते, 'व्हेरिफाइड' शिक्क्यासकट. ते नको असेल तर पेटीत 'पाच स्टार द्या, १०० रुपये मिळवा' अशी चिठ्ठी घालू म्हणतो. नवरा म्हणतो, हे खातं बंद करून नव्या नावाने सुरू करू. सासरे एवढंच म्हणतात, 'आंब्याक तोंड नाय, खाणाऱ्याक आसा.' मला तर वाटतं, यातले काही एक-स्टार शेजारच्या वाडीतल्या विक्रेत्याने टाकलेत. त्याला तसाच इंगा दाखवावा का? सगळेच करतात, मग आम्हीच का मागे राहायचं? ते १४ रिव्ह्यू, त्या पेट्या पाठवल्याच्या तारखा आणि मी दिलेली उत्तरं सोबत पाठवतेय. — आंबेवाली"

आंबेवाली, तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असशील. तुझं पत्र वाचून आधी भाच्याचा राग आला. मग सोबतचे १४ रिव्ह्यू वाचले आणि राग तुझ्याकडे वळला. ते तू मला पाठवलेस, पण वाचलेले दिसत नाहीत. मोजलेस फक्त.

मी काय केलं सांगते. मृग लागलाय, पाहुणे नाहीत, हातात वेळ आहे. पडवीत बसून एकेक रिव्ह्यू कागदावर उतरवला. सहाजणांच्या आंब्यात साका, म्हणजे आतला गर खराब झालेला, निघाला. चौघांना पेटी उशिरा मिळाली, निम्मी फळं उतरलेली. दोघांनी 'हिरवे, कच्चे आंबे पाठवले' म्हणून शिव्या घातल्यात. उरलेल्या दोघांनी एक शब्द लिहिलेला नाही, नुसता एक तारा. तुझा शेजारी असलाच तर या शेवटच्या दोघांत असेल. बाकीचे १२ तुझे गिऱ्हाईक आहेत, पैसे मोजून आंबे घेतलेले.

कच्च्यावाल्यांपासून सुरू करू, कारण ते सगळ्यात सोपं. आपल्याला वाटतं, आंबा काय जगाला ठाऊक. पण पुण्या-नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराने पेंढ्यातला आंबा बघितलेला नसतो. पेटी उघडली, फळ हिरवं आणि टणक, बसला रागावून. त्याला कुणी सांगितलंच नाही की हे फळ मुद्दाम असं पाठवलंय, फ्रीजमध्ये ढकलू नको, पेंढ्यातच ठेव, चार-पाच दिवसांनी रंग धरेल, वास सुटेल, मग काप. भाचा जी चिठ्ठी पेटीत घालायला निघालाय, त्या जागी ही चिठ्ठी घाल. दोन एक-स्टार तिथेच वाचले असते.

उशिराच्या चार पेट्यांच्या तारखा कॅलेंडरशी ताडून बघितल्यास का? चारही शुक्रवारी नाहीतर शनिवारी निघालेल्या. म्हणजे मे महिन्यातला रविवार त्यांनी कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात काढला. सोमवार ते बुधवार एवढंच पाठवायचं आणि दुकानाच्या पानावर तसं स्पष्ट लिहायचं. 'शुक्रवारी मागवलंत तर पेटी सोमवारी निघेल' हे वाचून कुणी ऑर्डर रद्द करत नाही. चिडतो तो वाट बघून.

आता साका. इथे मात्र मला थांबायला हवं.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता; पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते; म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो, भाव पाडून मागतो आणि चांगल्या गाडीवाले कंटाळून बाजारातून उठून जातात. रेटिंगची सगळी भानगड या रोगावरचं औषध म्हणून आली. पण बाई, अकरलॉफच्या गाडीवाल्याला निदान आपली गाडी बिघडलीय हे माहीत असतं! साका तर तुलाही दिसत नाही. साल सोन्यासारखी, वास घमघमीत, आणि सुरी घातली की आत गराचा फिकट, आंबूस, स्पंजासारखा तुकडा. कापेपर्यंत देवाला माहीत.

तो कमी कसा करायचा हे तुझे सासरे मला शिकवतील. फळ झाडावर फार पिकू न देता सोळातले चौदा आणे तयार झालं की काढायचं, भर दुपारच्या उन्हात काढणी करायची नाही, काढलेलं फळ तापल्या कातळावर पडू द्यायचं नाही, कलमाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं. तू लिहिलं आहेस की मेच्या दुसऱ्या आठवड्यात मजूर मिळाले नाहीत आणि काढणी लांबली. साक्याचे सहाही रिव्ह्यू त्यानंतरच्या पेट्यांचे आहेत. म्हणजे ते सहाजण तुझ्या बागेतली बातमी तुलाच देत होते. पण एवढं सगळं सांभाळूनही हापूसमध्ये थोडाफार साका निघणारच. साका नको तर रत्ना लाव. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली ती जात साकामुक्त आहे. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं, त्याला कोण काय करणार.

मग ज्या मालाचा दोष विकणाऱ्यालाही दिसत नाही, त्यात खात्री कशाची द्यायची? दोष निघाल्यावर तू काय करशील याची. आणि ते अनोळखी माणसाला दिसतं एकाच ठिकाणी, वाईट रिव्ह्यूखालच्या तुझ्या उत्तरात. ती उत्तरं वाचून मी कपाळाला हात लावला. 'आमचे आंबे ओरिजिनल देवगड आहेत, तुम्हाला ओळखता येत नसतील तर आमचा दोष नाही.' रात्री अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी. दमली असशील, दिवसभर पेट्या भरून पाठ मोडली असेल, मान्य. पण साक्याने एक गिऱ्हाईक गेलं, या उत्तराने नंतर वाचणारे किती गेले ते कधीच कळायचं नाही.

उद्या सकाळी चहा घेऊन बस आणि सहाही उत्तरं बदल. असं काहीतरी लिही: 'आंब्यात साका निघाला, वाईट वाटलं. तो बाहेरून दिसत नाही म्हणून भरताना कळला नाही. जेवढी फळं खराब निघाली तेवढ्यांचे पैसे परत पाठवतोय. यंदा आमची काढणी लांबली, पुढच्या वर्षी लवकर करू.' आणि खरंच पैसे पाठव. मात्र 'पैसे देतो, रिव्ह्यू काढा' असं चुकूनही लिहू नकोस. पैसे आंब्याचे आहेत, ताऱ्याचे नव्हेत. एखाद्याने आपणहून रिव्ह्यू बदलला तर बदलला.

आता भाच्याची एजन्सी. हिशेब पोराचा चोख आहे, ते मान्य करायला हवं. ८० रेटिंगमधल्या ताऱ्यांची बेरीज ३२६ होते. त्यात ७० फाइव्ह-स्टार मिसळले की सरासरी थेट ४.५. खर्च साडेदहा हजार. 'व्हेरिफाइड' शिक्का कसा आणतात तेही सांगते. त्यांची माणसं तुझ्याकडून खरोखर माल विकत घेतात, पाच तारे देतात आणि तू त्यांचे पैसे बाहेरून परत करतेस. म्हणजे शिक्का खरा, खरेदी खोटी. शेरी हे, ब्रेट हॉलनबेक आणि दाविदे प्रोझेर्पियो या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी फेसबुकच्या ग्रुपांमधून असे रिव्ह्यू विकत घेणाऱ्या विक्रेत्यांवर पाळत ठेवली आणि २०२२ साली निष्कर्ष छापले. रेटिंग वाढतं, विक्रीही वाढते, हे त्यांनाही दिसलं. खोटं कशाला बोलू, काही आठवडे गंमत चालते. मग विकत घेणं थांबलं की रेटिंग घसरतं आणि एक-स्टारचं प्रमाण वाढतं.

का, ते तुझ्या सासऱ्यांना विचार. वाशीला पेट्या जायच्या त्या काळात काहीजण वरच्या थरात निवडक फळं लावायचे आणि खाली बारीक, डागी. पहिल्या वर्षी भाव मिळायचा. दुसऱ्या वर्षी त्या मार्क्याची पेटी आली की दलाल ती उलटी करून खालून उघडायचा, आणि पट्टीत, म्हणजे त्याच्या हिशेबाच्या कागदात, दिसायचं काय ते. विकत घेतलेले ७० तारे हा तसाच वरचा थर. ४.१ बघून मागवणारा माणूस थोडी तडजोड मनात धरून मागवतो. ४.५ बघून मागवणाऱ्याला एका फळात साका निघाला तरी फसवल्यासारखं वाटतं, आणि फसवलेला माणूस लिहितोच.

आणखी एक. जी एजन्सी फाइव्ह-स्टार विकते ती एक-स्टारही विकत असणार. आज तू तिचं गिऱ्हाईक, उद्या शेजारी. आणि तुझे सगळे चॅट, पैसे दिल्याचे पुरावे तिच्या फोनमध्ये.

माझी अक्कल सांगते, फुकटची नव्हे. गुहागरला माझ्या दोन खोल्या आहेत, पाहुण्यांना देते. सुरुवातीला एका पाहुण्याने एक-स्टार दिला, कारण काय तर 'रात्रभर समुद्राचा आवाज येतो.' आता समुद्र काय मी बंद करू? चिडून बहिणीच्या मुलांना, सुनेच्या मैत्रिणींना फोन केले. एका रात्रीत सात रिव्ह्यू. सगळ्यांत 'घरगुती वातावरण, अप्रतिम जेवण'. आठवड्याभरात सातही उडाले आणि त्यांच्याबरोबर एका खऱ्या पाहुण्याने लिहिलेला सुरेख रिव्ह्यूही गेला. त्यांनी माझ्या हातची तिसल्यांची आमटी कशी होती ते चार ओळींत लिहिलं होतं. ते पुन्हा कुठून आणू? पुढे मी पानावर स्वतःच लिहिलं, 'समुद्र अगदी जवळ आहे, रात्री गाज ऐकू येते, गाढ झोप हवी असेल तर मागची खोली मागा.' लोक आता पुढचीच खोली मागतात.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही, हे त्यात सरळ शब्दांत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक आलं, ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत यासाठी. ते ऐच्छिक आहे, पण मोठे ऑनलाइन बाजार कुठल्या दिशेने चाललेत ते त्यावरून कळतं. खातं गोठलं तर भर एप्रिलात गोठेल, हे भाच्याला सांग.

शंभर रुपयांच्या चिठ्ठीचं उत्तर यातच आलं. पाच तारे दिले तरच पैसे, म्हणजे घाऊकऐवजी किरकोळीत विकत घेणं. रिव्ह्यू मागायला मात्र अजिबात लाजू नकोस. तुझ्या बाबतीत खरी मेख तिथेच आहे. आंबा गोड निघाला की माणूस खातो, कोय चोखतो, हात धुतो आणि झोपतो. लिहितो तो चिडलेला. तीन हंगामांत ६० रेटिंग म्हणजे पेट्या त्याच्या कित्येक पट गेल्या असणार, ती सगळी माणसं गप्प आहेत. पेटी पोहोचल्यावर आठवड्याने प्रत्येकाला एक मेसेज पाठव. प्रत्येकाला हं, खूश दिसणाऱ्यांनाच वेचून नको. 'आंबे कसे निघाले ते खरं खरं लिहा, वाईट असेल तर तेही.' पुढच्या हंगामात अशी १०० रेटिंग आली आणि तुझी जुनी ४.७ ची सरासरी त्यात टिकली, तर एकूण आकडा ४.४ होतो. एजन्सीच्या ४.५ पेक्षा एक दशांशाने कमी, आणि त्यात उलटा करायला घाबरावं असा खालचा थर नाही. शिवाय सगळेच बाजार साधी सरासरी काढत नाहीत. ॲमेझॉनसारखे काहीजण रेटिंग किती ताजं आहे आणि खरेदी पडताळलेली आहे का, हेही वजनात धरतात.

नवऱ्याच्या नव्या नावाबद्दल. २००६ साली पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या बाजारावर एक गमतीदार प्रयोग छापला. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने तसाच माल काही वेळा आपल्या जुन्या नावाने आणि काही वेळा कोऱ्या करकरीत नावांनी विकला. माणूस तोच, माल सारखा. जुन्या नावाला गिऱ्हाइकांनी ८.१ टक्के जास्त मोजले. नवं नाव म्हणजे डाग नाहीत, पण ओळखही नाही. आणि कोऱ्या नावाकडे लोक आधी संशयानेच बघतात, कारण खातं बदलून पळणारे त्यांनी पाहिलेले असतात. तुझ्या जुन्या खात्यात १४ वाईट आहेत तसे ६६ इतरही आहेत. ते टाकून द्यायला तुझा नवरा काय वेडा आहे?

राहिला शेजारी. ते दोन मुके तारे कुणाचे हे तुला माहीत नाही, मलाही नाही. संशयाला आधार मात्र आहे. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए यांनी २०१४ साली दोन संकेतस्थळांवरचे हॉटेलांचे रिव्ह्यू ताडून बघितले. एकीकडे कुणीही लिहू शकत होतं, दुसरीकडे फक्त राहून गेलेला. जिथे कुणीही लिहू शकतं, तिथे शेजारी छोटं स्वतंत्र हॉटेल असलेल्यांना वाईट रिव्ह्यू जास्त मिळालेले दिसले. म्हणजे शेजारधर्म सगळीकडे सारखाच. तुझ्या बाजारात न घेता रेटिंग देता येतं का ते आधी बघ. येत असेल तर ती दोन नावं तुझ्या ऑर्डरींत शोध. सापडली नाहीत तर स्क्रीनशॉट घेऊन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला कळव. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल हा त्याच २०२० च्या नियमांचा दंडक ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहे, विक्रेत्यांच्या नव्हे, म्हणून पाठपुरावा तुलाच करावा लागेल. तक्रारीत शेजाऱ्याचं नाव घालू नकोस. 'या खात्यांवरून आमच्याकडे खरेदी झालेली नाही' एवढंच.

आणि इंगा? ईबेवर एके काळी विकणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना शेरे द्यायचे. झालं काय, वाईट लिहिलं तर समोरचा सूड उगवेल म्हणून घेणारे गप्प बसायला लागले. शेवटी २००८ साली ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा द्यायचा अधिकारच काढून घेतला. तुमच्या दोन वाड्यांत हे सुरू झालं तर आंबे दोघांचे सडतील. शिवाय मजूर त्याचे आणि तुझे एकच असणार, मला कोकणाबाहेरचं समजू नकोस.

'हा देवगड नाहीच, कर्नाटकचा आहे' असं त्या साकावाल्यांतल्या दोघांनी लिहिलंय, ते तुला सगळ्यात झोंबलेलं दिसतं. त्याला ताऱ्यांनी उत्तर देता येत नाही, कागदाने येतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांसाठी; अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसेल तर पावसाळ्यात करून घे. आणि २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या कोडचा स्टिकर लावायची सोय आणली आहे, त्याची चौकशी कर. दिवाळीआधी हे उरकलं की मोहोराच्या वेळी डोकं मोकळं राहील.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यासाठी दोन डझन बाजूला ठेव. मी ऑर्डर टाकीन, पूर्ण पैसे देईन, साका निघाला तर फोटोही पाठवीन. रिव्ह्यू मात्र लिहिणार नाही. आता मी ओळखीतली झाले.

— काकी, गुहागर